पडणाऱ्या दाताची कीड: भरायची की सोडून द्यायची?

पाच वर्षांच्या मुलीच्या मागच्या दाढेत काळपट खड्डा दिसतो. दंतवैद्य सांगतात, कीड आत गेली आहे, उपचार करून घ्या. घरी आल्यावर आजी म्हणते, “दुधाचाच दात ना, पडणारच आहे. कशाला लेकराला खुर्चीत बसवून रडवताय?” हा वाद कितीतरी घरांत होतो, आणि आजीचं म्हणणं सरसकट खोडून काढण्यासारखं नाही. काही किडलेले दुधाचे दात खरोखरच न छेडता पडू द्यावेत. कोणते, ते मात्र नीट पाहून ठरवायला हवं.

पहिल्यांदा पाहायचं ते दाताचं उरलेलं आयुष्य. दुधाचे दात वीस. त्यातले खालचे समोरचे दोन सहा-सात वर्षांच्या वयात पडतात, शेजारचे त्यांच्या मागोमाग. दाढा मात्र इतक्या लवकर जात नाहीत. दुधाची पहिली दाढ साधारण ९ ते ११ आणि दुसरी १० ते १२ या वयात पडते. म्हणजे बालवाडीतल्या त्या मुलीच्या दुसऱ्या दाढेला अजून पाच ते सात वर्षं भाकरी चावायची आहे. एवढा काळ तो खड्डा आपणहून गप्प बसेल यावर भिस्त ठेवणं मला धोक्याचं वाटतं. उलट दहा वर्षांच्या मुलाची पहिली दाढ हलायला लागली आहे, ठणका नाही, हिरडीला सूज नाही, तर त्या दाढेत सिमेंट भरून काही साधत नाही.

दुधाच्या दातात कीड झपाट्यानं आत जाते, कारण तो दात बांध्यानंच नाजूक असतो. वरचं इनॅमलचं कवच कायमच्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचं, आणि आतली नस त्या मानानं मोठी, पृष्ठभागाच्या जवळ. शिवाय दुधाच्या दोन दाढा एकमेकींना रुंद चिकटलेल्या असतात. त्या फटीत ब्रश पोचत नाही आणि कीड बहुधा तिथंच सुरू होते. वरून पाहिलं तर दाढ अखंड दिसते, फार तर कडेला इनॅमलखाली करडी सावली. एक दिवस चावताना ती कड ढासळते आणि घरच्यांना वाटतं, खड्डा रातोरात पडला. दातांच्या दोन्ही रांगा एकाच वेळी दाखवणारा छोटा एक्स-रे काढला, तर ही कीड बरीच आधी सापडते.

आता दुसरा प्रश्न, कीड चालू आहे की थांबलेली. कीड थांबू शकते, ही गोष्ट पालकांना फार कमी वेळा सांगितली जाते. तोंडातले जिवाणू साखर आणि शिजवलेला स्टार्च वापरून आम्ल तयार करतात. सामू (pH; तो जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लाळ ते आम्ल निवळवते आणि काही खनिजं परत बसवते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. एकदाच पेढा खाऊन मोकळ्या झालेल्या मुलापेक्षा, दर थोड्या वेळानं एकेक बिस्किट तोंडात टाकणाऱ्या मुलाचे दात म्हणूनच जास्त किडतात. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचं तर रात्रभर हेच चालतं, कारण झोपेत लाळ जवळजवळ सुटतच नाही. विरघळण्याचं पारडं हलकं झालं, फ्लोराइड मिळालं, खड्डा रोज ब्रशनं साफ होऊ लागला, तर कीड जागच्या जागी कडक होते. चालू कीड मऊ, ओलसर, पिवळट किंवा फिकट तपकिरी असते. थांबलेली कीड काळी, कडक आणि चकचकीत दिसते. पालक काळ्या डागाला घाबरतात आणि फिकट मऊ खड्ड्याकडे दुर्लक्ष करतात. खरं तर घाई त्या फिकट खड्ड्यासाठी करायला हवी.

तिसरा प्रश्न नसेचा, आणि इथं थांबायला जागाच नाही. गोड किंवा गार लागून क्षणभर कळ येणं वेगळं. मूल रात्री झोपेतून ठणक्यानं उठतंय, हिरडीवर पुळी आली आहे, गाल सुजला आहे, ताप आहे, तर संसर्ग नसेत किंवा मुळाशी पोचला आहे. लवंगेचं तेल थोडा वेळ दुखणं बधिर करतं. अँटिबायोटिकनं सूज ओसरते. पण दातातलं मूळ कारण तसंच राहतं आणि काही आठवड्यांनी सूज परत येते. अशा दाढेची नस काढून साफसफाई करावी लागते किंवा दाढच काढावी लागते. मुळाशी साचलेला पू खाली घडत असलेल्या कायमच्या दाताचं इनॅमल बिघडवू शकतो, मग तो दात उगवतानाच डागाळलेला किंवा खडबडीत असतो. आणि दुसरी दाढ फार लवकर काढली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते, खालच्या दाताची जागा जाते, पुढे तारा लावायची वेळ येते. म्हणून दाढ काढल्यावर जागा राखणारी पट्टी लागेल का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावं.

नसेपर्यंत न पोचलेल्या, दुखत नसलेल्या किडीचं काय, हा खरा वादाचा भाग. ब्रिटनमध्ये ‘फिक्शन’ नावाची एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दुधाच्या दाढेत कीड असलेल्या, पण त्या वेळी दुखणं किंवा पू नसलेल्या ३ ते ७ वर्षांच्या ११४४ मुलांचे तीन गट केले. एका गटात कीड कोरून दात भरले. दुसऱ्यात कीड न कोरता आतच बंद केली. तिसऱ्यात फक्त ब्रशिंग, आहार, फ्लोराइड यांवर भर दिला. पहिल्या दोन गटांनाही ही प्रतिबंधाची जोड होतीच. जवळपास तीन वर्षांत दुखणं किंवा संसर्ग झालेल्या मुलांचं प्रमाण अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के निघालं. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हा फरक नगण्य.

हे आकडे वाचून कुणी म्हणेल, मग काहीच करायला नको. तसा अर्थ निघत नाही. तिसऱ्या गटातल्या मुलांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं, त्यांची नियमित तपासणी होत होती. मला त्यात दिसतं ते हे, की कोरून भरणं हाच एक खरा उपचार आणि बाकी सगळी चालढकल, हा समज टिकत नाही. आणि कुठलाही मार्ग धरला तरी दर दहातल्या चार मुलांना त्रास झालाच, म्हणजे खड्डा पडेपर्यंत थांबणं हेच महागात पडतं.

कीड आत बंद करण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. स्कॉटलंडमधल्या दंतवैद्य नॉर्ना हॉल १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ती वापरत होत्या, त्यांच्या नोंदींचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. दोन दाढांच्या मध्ये छोटं रबरी कडं अडकवून तीन-चार दिवस ठेवतात, त्यानं किंचित फट तयार होते. मग स्टीलची तयार कॅप मापानं निवडून तिच्यात सिमेंट भरतात, दाढेवर बोटानं दाबतात आणि मुलाला त्यावर चावून धरायला सांगतात. सुई नाही, ड्रिल नाही. कडेनं बाहेर आलेलं सिमेंट पुसलं की झालं. आत कोंडलेल्या जिवाणूंची रसद तुटते आणि कीड थंडावते. पहिले काही दिवस दात नीट मिटत नाहीत, दोन्ही जबड्यांचा मेळ काही आठवड्यांत आपोआप बसतो. स्कॉटलंडच्याच एका चाचणीत पाच वर्षांनी गंभीर अपयश, म्हणजे नस खराब होणं किंवा पू होणं, कॅपच्या दाढांत ३ टक्के आणि नेहमीच्या भरलेल्या दाढांत १६.५ टक्के आढळलं. दाढ चंदेरी दिसते एवढं खरं. अजून काही वर्षं टिकायला हव्या असलेल्या दाढेसाठी मी हाच पर्याय आधी विचारेन.

त्याहून सोपा उपाय सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा. जपानमध्ये हे औषध १९७० च्या सुमारास वापरात आलं आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. खड्डा कोरडा करून बारीक ब्रशनं एक थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचं. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड दात कडक करतं. सहा महिन्यांनी पुन्हा लावलं तर परिणाम चांगला टिकतो. किडलेला भाग मात्र कायमचा काळाकुट्ट होतो. मागच्या दाढेत ते खपून जातं, समोरच्या दातांना लावण्याआधी आईवडिलांनी फोटो बघून घ्यावेत. खुर्चीत क्षणभरही न बसणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी, जिथं अन्यथा पूर्ण भूल द्यावी लागेल, तिथं हा काळा डाग मला परवडणारा वाटतो. नस गेलेल्या दाताला मात्र याचा उपयोग नाही.

सोडून द्यायचं ठरलं, तरी त्या दाताकडे लक्ष ठेवावंच लागतं. दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, आणि रात्रीचा ब्रश आईनं किंवा बाबांनी स्वतः करायचा, मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. टूथपेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास आहे ना, ते पाहावं. मुलांच्या रंगीत पेस्टमध्ये ते बऱ्याचदा कमी असतं किंवा नसतंच. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. थुंकून टाकावी, खळखळून चूळ भरू नये. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या पालकांनी पेस्ट दंतवैद्याला विचारूनच ठरवावी. दुखऱ्या दाताला मशेरी चोळण्याची सवय काही घरांत अजून आहे. ती तंबाखूच आहे, मुलाच्या तोंडात बोटभरही जाता कामा नये.

एक दाढ मात्र या सगळ्या हिशेबात चुकीच्या खात्यात पडते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला ती आल्याचं कळतही नाही, आणि कळलं तर तीही दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. तिच्या खोल खाचांत कीड लवकर शिरते, आणि दुधाचे दात किडलेल्या मुलांत तर हा धोका आणखी जास्त. दाढ पूर्ण वर आली की त्या खाचा सीलंट, म्हणजे खाचा झाकणारा पातळ लेप, लावून बंद करता येतात. त्याला ड्रिल लागत नाही, सुईही लागत नाही. मूल पहिलीत गेलं की तोंड उघडायला लावून, टॉर्चच्या उजेडात मागून मोजा. दुधाच्या दोन दाढांच्या मागे तिसरी दिसली, तर त्याच महिन्यात दंतवैद्याची वेळ घ्या.