सिग्नलचा झेब्रा आणि बिनसिग्नलचा झेब्रा: पट्टे तेच, नियम वेगळा

चौकातल्या सिग्नलखालचे पांढरे पट्टे आणि शाळेसमोर किंवा दवाखान्यासमोर नुसतेच रंगवलेले पांढरे पट्टे दिसायला अगदी सारखे. म्हणून बहुतेकांच्या लेखी 'झेब्रा क्रॉसिंग' ही एकच गोष्ट असते. पण या दोन ठिकाणी आधी कोणी जायचं याचा नियम वेगळा आहे आणि मुख्य म्हणजे धोका वेगळ्या बाजूने येतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे पाचातलं जवळजवळ एक. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा असं मला कळकळीने वाटतं.

आधी सिग्नलचा झेब्रा. इथे सगळा कारभार दिव्याचा. चालणाऱ्याचा दिवा लाल असेल तर रस्ता मोकळा दिसला तरी थांबायचं; गाड्यांचा लाल असेल तर त्यांनी पट्ट्यांच्या अलीकडच्या स्टॉप लाइनमागे थांबायचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो लुकलुकणाऱ्या हिरव्या माणसापाशी. (दादर-माहीम भागात 2020 मध्ये काही सिग्नलांवर माणसाच्या जागी बाईची आकृती आली. नियम तोच.) आकृती स्थिर हिरवी असेल तर निघा. लुकलुकायला लागली की नव्याने कोणी खाली उतरायचं नाही. जे अर्ध्यात आहेत त्यांनी पलीकडे पोचायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. लुकलुक दिसली की फूटपाथवरचे पळत सुटतात आणि मध्यावर पोचलेल्या आजी घाबरून मागे फिरतात. मागे फिरणं सर्वांत वाईट, कारण तुम्ही पुढे जाणार असं धरूनच गाडीवाल्याने अंदाज बांधलेला असतो.

थोडा हिशेब करू. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. चार लेनचा, म्हणजे सुमारे 14 मीटरचा रस्ता असेल तर बारा सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा वेग 0.8 मीटरवर आला की तोच रस्ता साडेसतरा सेकंदांचा होतो. आई-वडील सोबत असतील तर हिरवा दिवा मुळात किती वेळ राहिलाय ते बघा. लागून बराच वेळ झाला असेल तर सरळ पुढच्या फेरीची वाट बघा, त्यात काही कमीपणा नाही.

कित्येक चौकांत चालणाऱ्यांसाठी वेगळा दिवाच नसतो. मग लोक गाड्यांच्या लाल दिव्याखालचे उलटे सेकंद वाचतात आणि तेवढा वेळ आपला आहे असं समजतात. तो आकडा गाड्यांसाठी असतो. त्यात चार-पाच सेकंद उरले की पुढच्या रांगेतल्या दुचाकी सरकायला लागतात, कोणी क्लच सोडतं, कोणी पट्ट्यांवर येऊनच उभं राहतं. त्यामुळे आकडा दहाच्या खाली गेला असेल तर मोठ्या रस्त्यावर पाऊल टाकू नये, असं मी तरी घरी सांगते.

सिग्नलच्या झेब्र्यावर खरी भीती वळणाऱ्या गाडीची. समोरच्या गाड्या थांबलेल्या असतात, आपण निश्चिंत असतो आणि 'लेफ्ट फ्री आहे' म्हणत एखादी रिक्षा कोपऱ्यावरून आत शिरते. वळणाऱ्याने पट्ट्यांवरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचं असतं, पण त्याचे डोळे बहुतेक वेळा उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर असतात. म्हणून हिरव्यातही निघताना एकदा खांद्यावरून मागे बघायचं.

आता बिनसिग्नलचा झेब्रा. इथे दिवा नाही, म्हणून इथे आपला काही हक्कच नाही असं गाडीवाल्यांइतकंच चालणाऱ्यांनाही वाटतं. हा समज साफ चुकीचा आहे. वाहनचालनाबाबतच्या 2017 च्या केंद्रीय विनियमांत स्पष्ट आहे: सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या पादचारी क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि चालणाऱ्याला, व्हीलचेअरवरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचं. म्हणजे सिग्नलच्या झेब्र्यावर तुम्हाला आपल्या पाळीची वाट बघावी लागते, पण इथे पहिला मान कायमच तुमचा.

मात्र कागदावरचा मान गाडीचा ब्रेक दाबत नाही. ताशी 50 किलोमीटरने येणारा चालक तुम्हाला पाहून पाय ब्रेकवर नेईपर्यंत, एक सेकंद धरला तरी, गाडी जवळजवळ 14 मीटर पुढे आलेली असते. ब्रेक त्यानंतर लागतो. ताशी 30 असेल तर तेच अंतर सव्वाआठ मीटरच्या आसपास. म्हणून इथे आधी स्वतःला दिसू द्यायचं. उभ्या टेम्पोच्या आडून एकदम बाहेर यायचं नाही, हात वर करायचा, चालकाकडे बघायचं आणि गाडीचा वेग खरोखर उतरला की निघायचं.

याहून मोठा सापळा आहे तो दुसऱ्या लेनचा. पहिल्या लेनमधली बस तुमच्यासाठी थांबते. तुम्ही तिच्या पुढून निघता. बसमागच्या मोटारसायकलवाल्याला तुम्ही दिसतच नाही. त्याला दिसते ती विनाकारण थांबलेली बस, आणि तो बाजूने कट मारून पुढे येतो. यावर उपाय एकच: बसची कड संपते तिथे थांबायचं, मान पुढे काढून बघायचं, मगच दुसरी लेन. 'या, या' असा हात करणारा ड्रायव्हर भला असतो, पण तो फक्त स्वतःच्या लेनपुरतं सांगू शकतो. आणि तुम्ही गाडी चालवत असाल तर झेब्र्यापाशी शेजारची गाडी थांबलेली दिसताच थांबा, कारण तिच्यापुढे कोणीतरी चालत असणार.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यांवर आणखी एक सवय लावून घ्यावी लागते. वाहतूक एकाच बाजूने असली तरी दोन्हीकडे बघायचं. राँग साइडने कडेकडेने येणारी दुचाकी नेमकी पहिल्या पावलालाच भेटते.

एकच जागा वेळेनुसार दोन्ही प्रकारची असू शकते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. रात्री उशिरा अनेक चौकांतले सिग्नल पिवळे लुकलुकत ठेवलेले असतात, किंवा वीज गेल्यावर पूर्ण बंद पडतात. लुकलुकता पिवळा गाडीवाल्याला सांगतो की वेग कमी कर, बघून जा. अशा वेळी चालणाऱ्याला हिरवा माणूस मिळणारच नाही, तेव्हा त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. तो बिनसिग्नलचा झेब्रा समजा: हात वर, नजर चालकाकडे, एकेक लेन बघत. चौकात वाहतूक पोलीस उभा असेल तर मात्र दिवा कुठलाही असो, त्याचा हात बघून चाला.