एक्सपोजरचा कालावधी : कोकण किनाऱ्यावरील डीप-स्काय छायाचित्रण

तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका टिपताना प्रत्येक फ्रेमला शटर किती वेळ उघडे ठेवायचे, हा या छंदातला सर्वाधिक चुकणारा निर्णय. एका लांबलचक फ्रेमवर कुणी विसंबत नाही. अनेक फ्रेम घेऊन त्यांचे स्टॅकिंग करतात, म्हणजे त्या एकावर एक रचून एकच चित्र बनवतात. फ्रेम चौपट झाल्या की नॉइजच्या (चित्रातल्या दाणेदार खरखरीच्या) तुलनेत चित्र दुपटीने सुधारते.

नुसत्या ट्रायपॉडवर पृथ्वीचे फिरणे आड येते. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंथच्या मिलिमीटरने भागून सेकंद काढण्याचा जुना नियम २०० मिमीला अडीच सेकंद देतो. पण ४ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तेवढ्यात तारा नऊ पिक्सेल ओघळतो. हा नियम आता सोडून द्यावा.

ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकिंग माउंट आला की हिशेब आकाशाच्या उजेडाचा. फ्रेम वाचताना सेन्सर दरवेळी थोडा रीड नॉइज मिसळतो. आकाशाच्या उजेडाचे इलेक्ट्रॉन रीड नॉइजच्या वर्गाच्या दहापट झाले, की रीड नॉइजची झळ जेमतेम ५ टक्के उरते. त्यापुढे फ्रेम लांबवून फारसे हाती लागत नाही. रीड नॉइज ३ इलेक्ट्रॉन असेल तर आकाशाचे ९० इलेक्ट्रॉन लागतात. अंधाऱ्या जांभ्याच्या सड्यावर पिक्सेलमागे सेकंदाला एक इलेक्ट्रॉन मिळत असेल तर दीड मिनिट, बंदराजवळ पाच मिळत असतील तर १८ सेकंद पुरतात. दुसऱ्याचा आकडा उचलून म्हणूनच भागत नाही.

कोकणात तर एकाच रात्री आकडा बदलतो. दमट हवा उजेड पसरवते आणि एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या नौका पश्चिमेचे आकाश उजळून टाकतात. डोक्यावर मिनिटभर चालणारी फ्रेम समुद्राकडे कलल्यावर निम्म्यावर आणावी लागते. ध्रुवतारा जेमतेम १६ ते २० अंशांवर, बहुधा धुरकटात किंवा माडांच्या झावळ्यांआड. त्यामुळे ध्रुवताऱ्याच्या आधाराने जुळवायचा माउंटचा अक्ष नेमका जुळत नाही आणि तारे लांबट येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, पण दवाचाही. टॉर्च तिरपा धरला की लेन्सवर दवाची साय धरलेली दिसते, आणि तोवर ताऱ्यांभोवती कडी उमटलेली असतात. फ्रेम कमी वेळाच्या असतील तर नेमक्या बिघडलेल्या तेवढ्याच टाकून देता येतात.

मृगातल्या तेजोमेघाला मात्र एकच एक्सपोजर-कालावधी पुरत नाही. गाभ्यातले चार तारे लवकर जळून पांढरे होतात, कडांचे फिकट पंख लांब फ्रेमशिवाय उमटत नाहीत. गाभ्यासाठी काही सेकंदांच्या फ्रेम वेगळ्या घेऊन मग दोन्ही जोडतात.