पार्श्वभूमी : अमेरिकी नवपुराणमतवादाचा प्रवास

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९३० च्या दशकात शिक्षणशुल्क नव्हते, त्यामुळे पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू स्थलांतरितांची हुशार मुले तेथे मोठ्या संख्येने शिकत. कॉलेजच्या उपाहारगृहात भिंतीलगत बसण्याचे कोनाडे होते आणि प्रत्येक कोनाडा एकेका गटाने व्यापलेला असे. क्रमांक एकच्या कोनाड्यात स्तालिनविरोधी डावे बसत, त्यांत स्तालिनचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की याचे बरेच अनुयायी होते. क्रमांक दोनमध्ये स्तालिननिष्ठ कम्युनिस्ट. पहिल्या कोनाड्यात तावातावाने वाद घालणाऱ्यांत आयर्विंग क्रिस्टॉल, डॅनियल बेल, नेथन ग्लेझर आणि आयर्विंग हाऊ हे विद्यार्थी होते. हाऊ अखेरपर्यंत समाजवादी राहिले. क्रिस्टॉल मात्र हळूहळू उजवीकडे सरकत गेले आणि पुढे नवपुराणमतवादाचे, म्हणजे डावीकडून उजवीकडे आलेल्या विचारवंतांच्या या अमेरिकी प्रवाहाचे, जनक म्हणून ओळखले गेले.

क्रिस्टॉल आणि बेल यांनी १९६५ मध्ये ‘द पब्लिक इंटरेस्ट’ हे त्रैमासिक सुरू केले, तेव्हा त्यांचा रोख परराष्ट्र धोरणावर नव्हताच. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबी हटवण्यासाठी हाती घेतलेल्या महत्त्वाकांक्षी योजनांची चिकित्सा हे त्यांचे मुख्य काम होते. कल्याणकारी राज्य त्यांना मोडीत काढायचे नव्हते. परंतु सरकारने सद्हेतूने केलेल्या हस्तक्षेपाचे परिणाम अनेकदा भलतेच निघतात आणि समाजाची घडी कागदावरच्या आराखड्याने बदलत नाही, हे ते आकडेवारीनिशी मांडत. विद्यापीठांमधील आंदोलने आणि १९७२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने युद्धविरोधी जॉर्ज मॅकगव्हर्न यांना दिलेली उमेदवारी यांमुळे ही मंडळी आपल्याच पक्षात उपरी ठरत गेली. १९७३ मध्ये समाजवादी लेखक मायकेल हॅरिंग्टन यांनी त्यांना ‘निओकॉन्झर्व्हेटिव्ह’, म्हणजे नवपुराणमतवादी, म्हणून हिणवले. क्रिस्टॉल यांनी ते बिरूद खुशाल मिरवले. वास्तवाने लुबाडलेला उदारमतवादी म्हणजे नवपुराणमतवादी, अशी त्यांची व्याख्या प्रसिद्ध आहे.

परराष्ट्र धोरणाचा धागा दुसरीकडून आला. नॉर्मन पॉडहोरेट्झ संपादक असलेले ‘कॉमेंटरी’ मासिक आणि वॉशिंग्टन राज्याचे डेमोक्रॅटिक सिनेटर हेन्री जॅक्सन यांचे कार्यालय ही त्याची दोन केंद्रे. सोव्हिएत संघाशी जुळवून घेण्याच्या परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या धोरणाला जॅक्सन यांचा कडाडून विरोध होता. नागरिकांना देश सोडू न देणाऱ्या साम्यवादी राजवटींना व्यापारसवलती नाकारणारी जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती त्यातूनच १९७४ मध्ये संमत झाली. त्यांच्या कार्यालयात रिचर्ड पर्ल, एलियट एब्रम्स असे पुढे गाजलेले तरुण काम करत. याच वर्तुळातले डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन १९७३ ते १९७५ या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत होते. पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालील धान्यखरेदीतून साचलेल्या रुपयांच्या कर्जाचा मोठा हिस्सा माफ करणारा १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश १९७४ मध्ये दिल्लीत त्यांच्याच हस्ते दिला गेला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत गेल्यावर तिसऱ्या जगाच्या अमेरिकाविरोधी सुरावर त्यांनी जी झोड उठवली, तिच्यामुळे ते या प्रवाहाचे लाडके झाले; ते स्वतः मात्र डेमोक्रॅटच राहिले आणि हे बिरूद त्यांनी स्वीकारले नाही.

१९७९ मध्ये ‘कॉमेंटरी’त राज्यशास्त्रज्ञ जीन कर्कपॅट्रिक यांचा गाजलेला लेख आला. तो वाचून प्रभावित झालेल्या रोनाल्ड रेगन यांनी अध्यक्ष झाल्यावर त्यांना संयुक्त राष्ट्रांत राजदूत नेमले. मित्र असलेल्या हुकूमशहांना वाऱ्यावर सोडू नये, हा लेखाचा वादग्रस्त भाग सर्वांच्या लक्षात राहिला. कोणत्याही देशात, कधीही आणि कोणत्याही परिस्थितीत लोकशाही आणता येते, या समजुतीवरही त्यांनी त्यात टीका केली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर दुसऱ्या पिढीने नेमकी तीच समजूत उचलली. आयर्विंग यांचे पुत्र विल्यम क्रिस्टॉल यांनी १९९५ मध्ये ‘वीकली स्टँडर्ड’ हे साप्ताहिक आणि १९९७ मध्ये रॉबर्ट केगन यांच्यासह एक धोरणसंस्था काढली. इराकचे हुकूमशहा सद्दाम हुसेन यांना सत्तेवरून दूर करावे, असे पत्र या संस्थेने जानेवारी १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांना लिहिले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर या मागणीला सत्तेचे बळ मिळाले. उपाध्यक्ष चेनी आणि संरक्षणमंत्री रम्सफेल्ड हे मुळात कडवे राष्ट्रवादी; लोकशाहीचा ध्यास होता तो उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांच्यासारख्यांना. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केले. मे २००३ मध्ये तेथील अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आठवडाभराच्या अंतराने दोन आदेश काढून सद्दाम यांच्या बाथ पक्षाच्या वरिष्ठांना सरकारी सेवेतून हटवले आणि इराकी लष्करच बरखास्त केले. प्रशिक्षित, शस्त्रे बाळगणारी लाखो माणसे एका फटक्यात बेकार झाली. सरकारी आराखड्यांचे भलते परिणाम दाखवून देण्यात ज्यांनी हयात घालवली, त्यांच्या वारसदारांनीच परक्या देशात हे करून पाहावे, यापरता दैवदुर्विलास कोणता? ज्यांच्या नावाने युद्ध पुकारले, ती सर्वसंहारक शस्त्रे सापडली नाहीतच. इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती वाजपेयी सरकारने जुलै २००३ मध्ये नाकारली होती. तो निर्णय किती शहाणपणाचा होता, हे पुढे दिसले.

ट्रम्प यांनी २०१६ मध्ये रिपब्लिकन व्यासपीठावरूनच इराक युद्धाला घोडचूक म्हटले आणि तरीही उमेदवारी जिंकली, तेव्हा या गटाचा पक्षातला आधार संपला. क्रिस्टॉल आणि केगन ट्रम्पविरोधी छावणीत गेले, ‘वीकली स्टँडर्ड’ २०१८ मध्ये बंद पडले. मे २०२५ मध्ये रियाधला ट्रम्प यांनी ‘निओकॉन्स’ (नवपुराणमतवादी) आणि परक्या देशांत राष्ट्रबांधणी करणाऱ्यांची जाहीर खिल्ली उडवली. जूनमध्ये त्यांच्याच आदेशावरून इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले आणि त्यांचेच काही समर्थक ‘निओकॉन परत आले’ म्हणून संतापले. हा आरोप ढोबळ आहे. बळाचा वापर अमेरिकेच्या सर्वच पंथांनी केला आहे; हल्ल्यानंतर तेथे कोणती राजवट यावी आणि ती उभी करण्याची जबाबदारी अमेरिकेने घ्यावी का, या प्रश्नाच्या उत्तरावर नवपुराणमतवादी वेगळा ओळखू येतो. जून २०२५ मध्ये संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी सत्तांतर हा हेतू नसल्याचे सांगितले, आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर इराणमध्ये सत्तांतर का होऊ नये, असा प्रश्न टाकला.