पोटगी थकली, वॉरंट निघालं: पुण्यात अर्ज कुठे करायचा आणि कागद कोणते लागतात

चाकणच्या कंपनीतलं कंत्राट संपतं, पोटगीचे दोन-तीन महिने चुकतात आणि बाप तारखेला जायचं बंद करतो. हातात पैसे नसताना कोर्टात जाऊन काय सांगायचं, असं त्याला वाटतं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, कारण त्याची अडचण न्यायाधीशांच्या कानावर जातच नाही.

ही माहिती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ खालच्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या आदेशांची आहे. आपला आदेश कोणत्या कायद्याखालचा आहे, हे आधी नकलेवर बघून घ्या.

तुरुंग कधी?

पुरेसं कारण नसताना आदेश पाळला नाही, तर आधी वसुलीचं वॉरंट निघतं. त्यातूनही रक्कम वसूल झाली नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पैसे आधी भरले, तर सुटका आधी. यातले ‘पुरेसं कारण’ हे शब्द गरीब बापाच्या कामाचे आहेत, पण कारण कागदावर दाखवावं लागतं. नुसतं ‘काम नाही’ म्हणून भागत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकामुलांना पोसावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही बजावलं आहे.

आत बसून आलो म्हणजे हिशेब मिटला, असा समज वस्त्यांमधून सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, परतफेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं. थकबाकी तशीच राहते, रोजंदारी बुडते आणि पुढच्या महिन्याची पोटगीही अडकते. मुलाची फी, दूध, वह्या यांतलं काहीच त्या कैदेतून येत नाही. पैसे असून टाळणाऱ्यावर या तरतुदीचा वचक हवाच. खिसा खरोखर रिकामा असलेल्याला आत टाकलं, तर त्याची शिक्षा मुलालाही भोगावी लागते, असं माझं मत आहे.

रक्कम कमी करून घेण्यासाठी

परिस्थिती बदलल्याचं सिद्ध झालं तर कलम १४६ खाली रक्कम बदलून मिळते. मुलाचा खर्च वाढला असेल तर आईलाही याच कलमाखाली वाढ मागता येते. पुणे शहरातला आदेश असेल तर अर्ज शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात करायचा. तालुक्यातला असेल तर ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला त्यांच्याकडे. मागची थकबाकी या अर्जाने आपोआप पुसली जात नाही, म्हणून हप्ता चुकायच्या आतच अर्ज टाका.

सोबत आदेशाची प्रमाणित नक्कल, आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक आणि आतापर्यंत भरलेल्या रकमांचे पुरावे जोडा. काम सुटल्याचं पत्र, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, अपंगत्व असेल तर प्रमाणपत्र. मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोन्ही पक्षांना द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि रोजंदारी मजुरांना त्यातून सूट आहे.

रोख पैसे नातेवाइकाच्या हाती पाठवू नका. पाचशे रुपये असले तरी खात्यावर टाका. पावती नसलेली रक्कम कोर्टात मोजून घेणं फार अवघड जातं.

आईने वसुली मागताना

नक्कल, महिनावार थकबाकीचा तक्ता आणि समोरच्याचा सध्याचा पत्ता द्या. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्यानंतर त्या महिन्यासाठी हे वॉरंट मिळत नाही. तो खरंच अडचणीत आहे असं दिसलं, तर हप्ते बांधून घेण्याची तडजोड मागा. समुपदेशक कौटुंबिक न्यायालयातच असतात.

वकील परवडत नसेल तर

मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक मर्यादा तीन लाख रुपये आहे. अटकेत असलेल्यालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यामुळे बाप येरवड्यात पोहोचला असेल, तरी घरच्यांनी विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून अर्ज कसा द्यायचा ते विचारावं.