कुंभारीण की गांधीलमाशी? आधी घर बघा

दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की कोल्हापुरात ताराबाई पार्कापासून राजारामपुरीपर्यंत बांबूला केरसुणी बांधली जाते आणि वळचणीला चिकटलेलं जे असेल ते खाली येतं. त्यात माशीची दोन घरं हमखास असतात, एक मातीचं आणि एक कागदाचं. "गांधीलमाशीचं हाय, पाड!" एवढ्यावर दोन्हींचा निकाल लागतो. खरं तर पहिलं पाडायला काही कारण नसतं, आणि दुसरं केरसुणीनं पाडणं म्हणजे आपणहून डंख मागून घेणं.

माशीवरून ओळखायला जाल तर फसाल. दोघींची कंबर बारीक, दोघींच्या अंगावर पिवळ्या खुणा असू शकतात. घर मात्र फसवत नाही. मातीचं असेल तर कुंभारीण. करडं, कागदासारखं, खालून षटकोनी कप्पे उघडे दिसणारं असेल तर गांधीलमाशी.

कुंभारीण एकटी राहते. तिला ना राणी, ना कामकरी. बागेतल्या नळाखालच्या चिखलाची गोळी वळायची, तोंडात धरून आणायची आणि भिंतीवर थापायची, असं तिचं काम चालतं. पिवळ्या पायांची काळी कुंभारीण नळकांड्यासारखे कप्पे एकाशेजारी एक बांधते आणि वरून पुन्हा माती सारवते. दुसऱ्या काही जाती काडीवर किंवा भिंतीवर गळा असलेलं इवलंसं मडकं घडवतात. गंगावेशीतल्या कुंभाराच्या चाकावरही इतकं नाजूक काम निघेल का, शंकाच आहे. पहिली कप्प्यांत कोळी भरते, दुसऱ्या अळ्या. तिचा डंख शिकारीला मारत नाही, लुळी पाडतो, म्हणून साठा सडत नाही. आत एक अंडं घालून ती तोंड लिंपते आणि निघून जाते. अंड्यातून निघालेलं पिल्लू तो ताजा साठा खातं, कोशात जातं आणि शेवटी माती फोडून बाहेर पडतं.

आत गेली अळी, बाहेर आली कुंभारीण, हे जुन्या लोकांनी नीट पाहिलं होतं. कुंभारणीच्या गुणगुणण्यानं, तिच्याच ध्यासानं अळी कुंभारीण होते असा समज त्यातून झाला, आणि गुरुशिष्याच्या नात्यासाठी भृंगी-कीटकाचा दाखला कीर्तनात आजही ऐकू येतो. निरीक्षण चोख होतं, मधलं अंडं तेवढं दिसलं नाही. दृष्टान्त मला आवडतो, अळीचं मत वेगळं असेल.

कुंभारीण घराची राखण करत नाही, त्यामुळे जवळ गेलात तरी अंगावर येत नाही. हातात धरली किंवा कपड्यात दबली तरच डंख मारते. घराला वाटोळं भोक दिसलं तर पिल्लू उडून गेलंय. भोक नसेल तर आत कोणीतरी आहे. रिकामं झालेलं घरही लगेच खरवडू नका, इतर लहान माश्या त्यात बिऱ्हाड करतात.

गांधीलमाशीचं गणित वेगळं. लाकडाचे तंतू खरवडून, लाळेत चघळून ती कागद बनवते. घर एका बारीक देठावर टांगलेलं असतं, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून काही जाती त्या देठाला मुंग्यांना नकोसा द्रव फासतात. आपल्याकडच्या रोपालिडिया मार्जिनाटा या जातीचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक वर्षं केला. तिची राणी दांडगाई करणारी नसून शांत असते, हे त्यातून पुढे आलं. पण वस्ती आली की राखण आली. घराला धक्का लागला तर अनेक जणी एकदम येतात, आणि मधमाशीसारखा डंख तुटून अडकत नसल्यानं एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारते.

म्हणून इथे अंतर बघायचं. घर उंचावर, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असेल तर असू द्या, पिल्लांसाठी ती बागेतल्या अळ्याच वेचून नेते. दाराच्या चौकटीत, मुलांच्या झोपाळ्यावर किंवा मीटरच्या पेटीत असेल तर जाणत्या माणसाकडून काढून घ्या. पलिता लावणं, रॉकेल ओतणं हे प्रकार नकोत. डंखानंतर चेहरा सुजला, अंगभर गांध्या उठल्या किंवा दम लागला तर घरगुती लेप लावत बसू नका, थेट सीपीआर रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठा.

गांधीलमाशीला आपण घर द्यायची गरज नाही. कुंभारणीला मात्र देता येतं. बागेचा एक कोपरा फरशी न घालता ओला ठेवला की तिची मातीची सोय होते. तिच्या काही जाती बांधकाम न करता तयार भोकांत शिरतात आणि तोंड तेवढं मातीनं बुजवतात. कुलपाची भोकं आणि प्लगची सॉकेटं बुजतात ती अशी. त्यांच्यासाठी बारीक बांबूचे वीतभर तुकडे, एका बाजूला पेर राहील असे कापा, जुडी बांधा आणि सकाळचं ऊन लागेल तिथे पूर्वेच्या भिंतीला पत्र्याखाली घट्ट बसवा. इथला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्या बाजूला लावलीत तर जूनमध्येच बुरशी धरेल.

काही नळ्यांची तोंडं मातीऐवजी हिरव्या पानांच्या चकत्यांनी बंद झालेली दिसतील. ते काम पानं कापणाऱ्या मधमाशीचं. तुमच्या गुलाबाच्या पानांना कडेनं गोल काप दिसले तर ते तिनेच नेलेत. त्यावर औषध फवारू नका, झाडाचं त्यानं काही बिघडत नाही.