कमी पाण्यात तगणारं झाड: एका शब्दाचा गुंता

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडांना पाणी कमी लागेल, हा दिलासा कोल्हापुरातही कानावर येतो. गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत शंभरेक किलोमीटरांत पाऊस कसा आटत जातो, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून हा दिलासा नीट तपासायला हवा.

१९५८ मध्ये हवाई बेटांवर मोजणी सुरू झाली तेव्हा प्रमाण दहा लाखांत ३१५ भाग होतं. बहात्तरच्या दुष्काळात ३२७, आता ४२० च्या वर. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या संग्रहातली जुनी वाळलेली पानं तपासली, तर दोनशे वर्षांत पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत घेणारी आणि पाण्याची वाफ बाहेर सोडणारी पानांवरची बारीक छिद्रं, सुमारे ४० टक्के विरळ झालेली आढळली. आंब्याच्या पानाला खालून पारदर्शक नेलपॉलिश लावावं, वाळल्यावर चिकटपट्टीने उचलावं. सूक्ष्मदर्शकाखाली या रंध्रांचे ठसे स्वच्छ दिसतात. कार्बन मुबलक असला की ती थोडीच उघडूनही पानाचं भागतं, आणि पाणी कमी उडतं.

इथेच ‘पाणीवापर कार्यक्षमता’ हा शब्द आला आणि घोटाळा झाला. तो नुसता भागाकार आहे: घेतलेला कार्बन भागिले गमावलेलं पाणी. एक थेंबही न वाचता वरचा आकडा वाढला, तरी उत्तर वाढतं. शिवाय हिशेब एका पानाचा. झाडाने पानंच जास्त काढली तर वाचलेलं पाणी तिथेच खर्च. तापलेली कोरडी हवा जास्त पाणी ओढते, ते वेगळंच. थायलंड, कॅमेरून आणि बोलिव्हियातल्या झाडांच्या वाढवलयांत, म्हणजे खोडातल्या वर्षागणिक कड्यांत, दीडशे वर्षांत ही कार्यक्षमता ३० टक्क्यांहून जास्त वाढलेली दिसली, पण खोडांची वाढ काही वेगाने झाली नव्हती. तरीही ‘दुष्काळ सोसण्याची ताकद’ म्हणून हा शब्द सर्रास वापरतात. वृक्षलागवडीच्या आखणीत ही चूक फार महागात पडेल.

उघड्या जंगलात झाडांभोवती नळ्यांची कडी उभारून जादा कार्बन डायऑक्साइड सोडण्याचे प्रयोग नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या पाइनवर झाले. सिडनीजवळ निलगिरीच्या जुन्या जंगलात ते २०१२ पासून सुरू झाले. तिथे झाडांनी जादा कार्बन घेतला, पण लाकूड वाढलं नाही, कारण मातीत स्फुरद (फॉस्फरस) कमी. पन्हाळा-राधानगरीच्या जांभ्या मातीतही लोह स्फुरदाला धरून ठेवतं.

आणि आपली सावर, पळस? माघ-फाल्गुनात त्यांच्या फांद्यांवर पानच नसतं. पान नसेल त्या महिन्यांत हवेतला जादा कार्बन घेणार कोण?