ऑनलाइन लिलावात नाणं घेताय? बोली लावायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे बरेच जण नाणं आधी जिंकतात आणि मग तपासायला आणतात. प्लीज उलटं करा, लॉट (म्हणजे लिलावातली ती वस्तू) बोलीसाठी उघडा असतानाच आम्हाला लिंक पाठवा, कारण एकदा हातोडा पडला की आम्ही फक्त काय घेतलंत तेवढंच सांगू शकतो.

सगळ्यात आधी फोटो बघायचे. दोन्ही बाजू तर हव्यातच पण कडेचा फोटो बहुतेक विक्रेते देत नाहीत, तो मागून घ्या, आणि टाळाटाळ झाली तर सरळ लॉट सोडून द्या. ओतून केलेल्या खोट्या नाण्याला कडेवर साच्याची जोडरेघ राहते, ती घासून काढली तरी तिथे कड बिघडलेली दिसते, आणि झूम केलं की पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डेही सापडतात. जुनं चांदीचं नाणं भांड्यासारखं लखलखतंय म्हणून खूश होऊ नका, ते बहुधा घासलेलं असतं. टांकसाळीतून आलेली चमक वेगळीच असते, नाणं तिरकं करून फिरवलं की उजेडाचा पट्टा पण त्याच्यावर गोल फिरतो, घासलेल्यावर मात्र एका दिशेच्या बारीक रेघा दिसतात. म्हणून फोटोवर भागवू नका, छोटा व्हिडिओ मागा. काळपट झालेलं पण न घासलेलं नाणं आम्ही कधीही आधी उचलू.

वजन, व्यास बरोबर आला म्हणजे नाणं जुनं असं नाही हं. ऑस्ट्रियाच्या महाराणीच्या नावाचं चांदीचं नाणं, मारिया थेरेसा थेलर, याचंच उदाहरण घ्या, महाराणी १७८० मध्ये वारली पण नाणं व्यापारात इतकं चालायचं की पुढे व्हिएन्ना, रोम, लंडन, अगदी मुंबईच्या टांकसाळीनेही ते १७८० हेच साल घालून पाडलं. सगळ्यांचं वजन साधारण २८.०७ ग्रॅम, चांदीही तीच. त्यामुळे वर्णनात नुसतं '१७८०' लिहिलेलं असेल तर कुठल्या टांकसाळीचं आणि कधी पाडलेलं ते विचारा, फरक बारीक खुणांवरून कळतो.

ग्रेडिंग, म्हणजे नाण्याच्या अवस्थेला गुण देणं, १ ते ७० च्या शेल्डन स्केलवर होतं, ६० पासून पुढे न वापरलेली नाणी. पीसीजीएस, एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या नाणं ज्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत देतात तो स्लॅब, त्याचा सर्टिफिकेट नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघाच, पण खऱ्या नाण्याचा नंबर खोट्या स्लॅबवरही छापतात, म्हणून साइटवर फोटो असेल तर डाग, ओरखडे जुळवून बघा.

आता पैसे. बोलीची रक्कम म्हणजे बिल नव्हे, त्यावर बायर्स प्रीमियम (लिलाव कंपनी खरेदीदाराकडून घेते ते कमिशन), टॅक्स, शिपिंग, इन्शुरन्स, आणि परदेशातून असेल तर कस्टम्स. प्रीमियम २० टक्के असेल तर १०० ची बोली इथेच १२० होते, बाकीचं वेगळं. तेव्हा एकूण खर्च आधी ठरवा, त्यातून हे सगळं वजा करा आणि उरेल तो आकडा मॅक्सिमम बिड म्हणून एकदाच टाकून ठेवा. बहुतेक ठिकाणी सिस्टीम समोरच्याच्या बोलीवर एकच टप्पा चढवते, लगेच पूर्ण रक्कम लागत नाही. शेवटच्या मिनिटाला स्क्रीनसमोर बसून ईर्ष्येने वाढवत गेलात की बजेट गेलंच समजा.

पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि वजन त्याच दिवशी करा, रिटर्नची मुदत कमी असते. नाणं धुवू नका, पुसू नका, कडेला धरा, आणि ते मऊ पीव्हीसीच्या पाकिटात आलं असेल तर लगेच बाहेर काढा, त्याने नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो.